हाक, ओ आणि अबोला: नवरा-बायकोचं बोलणं वर्षांगणिक कसं बदलतं

साखरपुडा आणि लग्न यांच्या मधल्या दिवसांत रात्री अकराला लागलेला फोन दीडपर्यंत चालतो. जेवलीस का, भाजी कुणी केली होती, इथपासून लहानपणी आजोळी झाडावरून पडल्याच्या गोष्टीपर्यंत सगळं त्यात येतं. पंधरा वर्षांनी त्याच दोघांचा फोन असा असतो: "निघालास?" "हो." "दूध." "बरं." संपला फोन.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यांच्यात बोलण्यासारखं काही उरलेलं नाही. पण त्या चार शब्दांमागे बरंच काही साठलेलं आहे. कुठून निघाला, घरी यायला किती वेळ लागेल, गायीचं दूध की म्हशीचं, एक पिशवी की दोन, हे दोघांना ठाऊक आहे म्हणून बोलायची गरज पडत नाही. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये मांडलं की बरोबर राहणारी माणसं लक्षात ठेवण्याचं कामही वाटून घेतात. नातेवाइकांचे वाढदिवस एकीकडे, विम्याच्या तारखा दुसरीकडे. दोघांची मिळून एकच आठवण तयार होते आणि बोलणं आपोआप आखूड होतं.

म्हणून आधी हे स्पष्ट करायला हवं की बोलणं कमी होणं हा आजार नाही. आजार सुरू होतो तो विचारण्याची जागा अंदाजाने घेतली आणि तो अंदाज कुणी तपासेनासं झालं की. पुढे जे संशोधन येईल ते बहुतेक अमेरिकेतल्या जोडप्यांवरचं आहे. त्यांच्या घरात सासू-सासरे नव्हते, बाळंतपणाला माहेरी जाणं नव्हतं. त्यामुळे तिथले आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत. बिघाड कसा होतो, हे समजायला मात्र ते उपयोगी पडतात.

आधी पगार, मग आवड

माणसं एकमेकांपुढे कशी उलगडतात यावर आयर्विन ऑल्टमन आणि डाल्मस टेलर यांनी १९७३ मध्ये एक सिद्धांत मांडला. आधी वरवरचं सांगायचं, ते नीट झेललं गेलं की आणखी आतलं, अशा थराथराने ओळख वाढते. एकाने थोडं उघडावं, मग दुसऱ्याने तेवढंच, असा त्याचा चढता क्रम असतो.

आपल्या ठरवून होणाऱ्या लग्नांत या क्रमाची उलटापालट होते. बायोडाटामुळे पगार, घर स्वतःचं की भाड्याचं, शेती किती, भावंडं किती, हे कांदेपोह्यांच्या आधीच कळतं. परक्या माणसाला सहसा सांगत नाही ते पहिल्या दिवशी माहीत असतं, आणि माणूस रागावला की गप्प होतो की ओरडतो, हे लग्न झालं तरी माहीत नसतं. त्यातून एक फसवी भावना येते, की आपण एकमेकांना ओळखतो. कागदावरची माहिती आणि ओळख यांत फरक आहे.

साखरपुड्यानंतरचे लांबलचक फोन ही दरी भरायलाच असतात, पण त्यांत विषय पुष्कळ येतात आणि खोल एकही जात नाही. इथे एक साधा नियम उपयोगी पडतो: उत्तर आकड्यात किंवा तारखेत येईपर्यंत थांबू नये. "घरी थोडे पैसे द्यावे लागतात" हे उत्तर पुरेसं नाही. दरमहा किती, कधीपर्यंत, आणि त्याशिवाय कर्जाचा हप्ता किती, हे विचारावं. "मूल सध्या नको" यातलं सध्या म्हणजे एक वर्ष की पाच? दोघांपैकी एकानेच विचारत राहायचं आणि दुसऱ्याने उत्तरं द्यायची, असं झालं तर ती मुलाखत होते. विचारणाऱ्याने आधी आपलं उत्तर सांगावं.

घरातली दोन बोलणी

लग्नानंतरच्या पहिल्या वर्ष-दोन वर्षांत जोडपं आपली भाषा घडवतं. मराठीत याची सुरुवात हाक मारण्यापासूनच होते. पूर्वी ती "अहो" म्हणायची, तो "अगं" म्हणायचा, त्यात प्रश्नच नव्हता. आता अनेक घरांत खोलीत "तू" आणि सासऱ्यांसमोर "अहो" अशी दोन बोलणी चालतात. त्यात वाईट काही नाही. फक्त एक खूण लक्षात ठेवावी: एरवी "तू" म्हणणारं माणूस एकांतात अचानक "बरं, तुम्ही म्हणाल तसं" म्हणालं, तर ते आदराने बोललेलं नसतं.

याच काळात दोघांचे खास शब्द तयार होतात. टोपणनावं, एखाद्या फजितीवरून पडलेला संकेत, "आता निघूया" याऐवजी वापरायचं भलतंच वाक्य. कॅरल ब्रूस आणि ज्युडी पिअरसन यांनी १९९३ मध्ये याचा अभ्यास केला, तेव्हा असे शब्द लग्नाच्या पहिल्या पाच वर्षांतल्या, मूल नसलेल्या जोडप्यांत सगळ्यांत जास्त आढळले. दोन खोल्यांत पाच माणसं राहतात त्या घरात या शब्दांना आणखी एक काम असतं, सगळ्यांसमोर आपापसात बोलण्याचं. पुढे ते शब्द आपोआप गळून पडतात. ते मुद्दाम जपावेत, कारण त्यांच्याजागी नवे फारसे येत नाहीत.

हाक आणि ओ

जोडप्यांवर संशोधन करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी १९८६ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात राहत्या घरासारखी एक प्रयोगशाळा उभारली. जोडपी तिथे राहायची, स्वयंपाक करायची, पेपर वाचायची, आणि कॅमेरे चालू असायचे. त्यांच्या लक्षात आलं की दिवसभरातली बरीचशी वाक्यं माहिती देण्यासाठी नसतातच. "समोरच्यांनी गुलमोहर तोडला बघ" यात बातमी नाममात्र आहे. ती हाक आहे: माझ्याकडे बघ, क्षणभर माझ्याबरोबर ये. तिला "हो? कधी तोडला?" म्हणणं म्हणजे ओ देणं. फोनमधून डोकं वर न काढणं म्हणजे ओ न देणं. आणि "तुला दुसरी कामं नाहीत का?" म्हणणं म्हणजे हाक मारणाऱ्यालाच फटकारणं.

नवविवाहितांच्या अशा हाका मोजून गॉटमन यांनी सहा वर्षांनी पुन्हा चौकशी केली. त्यांनी दिलेले आकडे असे: ज्यांचं लग्न टिकलं होतं त्यांनी त्या वेळी १०० पैकी ८६ हाकांना ओ दिली होती, ज्यांचं मोडलं त्यांनी ३३. हे आकडे सरासरीचे आहेत, आणि लग्न टिकलेल्यांचीही सरासरी शंभराला शंभर नव्हती, हेही लक्षात घेण्यासारखं आहे.

वर्षं जातात तशी हाक लपत जाते. पहिल्या वर्षी "माझ्याजवळ बस ना" असं उघड म्हणणारं माणूस दहाव्या वर्षी "लाईट बिल आलंय" म्हणतं आणि उभंच राहतं. बिल हे निमित्त असतं. वारंवार ओ मिळाली नाही की हाक मारणं बंद होतं, आणि हे बंद होणं इतकं शांतपणे होतं की दुसऱ्याला वाटतं, घरात आता भांडणं नाहीत, सगळं ठीक आहे.

ओ द्यायला वेळ फार लागत नाही. मान वर करायची, नजर द्यायची, आणि एक प्रश्न विचारायचा. हातातलं काम सोडता येत नसेल तर वेळ सांगायची: "हा मेल पाठवतो, दहा मिनिटांत ऐकतो." गाडी अडते ती यानंतर. दहा मिनिटांनी आठवण करून देण्याची जबाबदारी हाक मारणाऱ्याची राहत नाही. ज्याने वेळ मागितली त्याने स्वतः जाऊन "हं, काय म्हणत होतीस?" विचारायचं. हे दोनतीनदा राहून गेलं की "दहा मिनिटांत ऐकतो" या वाक्याचा अर्थ "नको" असा होतो.

संध्याकाळी दोघं घरी आल्यावर वीस मिनिटं यासाठी बांधून घ्यावीत, प्रत्येकी दहा. विषय बाहेरचा ताण हा असावा: ऑफिस, लोकलची गर्दी, सोसायटीची मीटिंग. एकमेकांबद्दलची तक्रार या वीस मिनिटांत आणायची नाही. ऐकणाऱ्याने विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही आणि समोरच्या पक्षाची बाजू घ्यायची नाही. "पण तुझ्या साहेबांचंही बरोबरच आहे" हे वाक्य खरं असलं तरी ती त्याची वेळ नव्हे.

चांगल्या बातमीलाही ओ लागते, हे सहसा विसरलं जातं. शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की जोडीदाराच्या आनंदाला उत्साहाने, प्रश्न विचारून साथ देणं याचा नात्याच्या समाधानाशी जवळचा संबंध आहे. "मला टीम लीड केलं" यावर "वा, म्हणजे आता आणखी उशीर होणार" असं उत्तर आलं, तर पुढची बातमी मैत्रिणीला आधी कळते.

बाळ येतं तेव्हा

सगळ्यांत मोठं वळण इथे आहे. ब्रायन डॉस आणि सहकाऱ्यांनी २१८ जोडप्यांचा लग्नापासून आठ वर्षं मागोवा घेतला आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. मूल न झालेल्यांच्या नात्यातही घसरण होती, पण ती हळूहळू. मूल झालेल्यांत ती बाळाच्या जन्माबरोबर एकदम झालेली दिसली.

आपल्याकडे त्यात माहेरच्या बाळंतपणाची भर पडते. पहिल्या खेपेला ती सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी जाते आणि बाळ दोन-तीन महिन्यांचं झाल्यावर परत येते. तिला विश्रांती मिळते, आईची साथ मिळते, हे फार मोलाचं आहे. पण या महिन्यांत ती बाळाला अंघोळ घालणं, ढेकर काढणं, रडण्याचे प्रकार ओळखणं शिकलेली असते आणि तो व्हिडिओ कॉलवर बघत असतो. ती सासरी आली की एक तरबेज आणि एक नवशिका अशी जोडी होते. मग बोलण्यात फक्त सूचना उरतात: असं धर, तसं नको, राहू दे मी करते. "राहू दे, मी करते" हे वाक्य दोघांचंही नुकसान करतं. त्याला शिकायला मिळत नाही आणि तिला सुटका मिळत नाही.

पुढे त्यातून हा संवाद जन्मतो: "मलाच सगळं बघावं लागतं." "सांगितलं असतंस तर केलं असतं." दोघंही खरं बोलत असतात. अॅलिसन डॅमिंजर यांनी २०१९ मध्ये घरकामाचा न दिसणारा भाग चार तुकड्यांत मांडला: गरज आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि झालं की नाही याकडे लक्ष ठेवणं. "सांगितलं असतंस तर" म्हणणारा हात लावायला तयार असतो, पण हे चारही तुकडे दुसरीच्या डोक्यात राहतात. म्हणून काम वाटताना अख्खं काम द्यावं. उदाहरणार्थ लसीकरण. सरकारी वेळापत्रकात जन्मतः, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना, मग ९ महिने पूर्ण झाल्यावर लस असते. कार्ड सांभाळणं, तारीख लक्षात ठेवणं, रजा टाकणं, रात्री ताप आला तर डॉक्टरांनी सांगितलेलं औषध तयार ठेवणं, हे सगळं त्याचं. तिने आठवण करायची नाही, आणि त्याने वेगळ्या पद्धतीने केलं तर त्यात सुधारणाही सुचवायची नाही.

मूल बोलू लागलं की आणखी एक सवय शिरते. "बाबांना सांग, ताट वाढलंय." लेकी बोले सुने लागे ही जुनी तऱ्हा आता नवरा-बायकोच्या मध्ये येते आणि मूल निरोप्या होतं. गमतीत एखाद्या वेळी चालतं. भांडण असताना चालत नाही, कारण मुलाला निरोपातला राग कळतो आणि तो कुणावर आहे हे कळत नाही.

"काही नाही" याचे चार अर्थ

"काय झालं?" "काही नाही." या उत्तराचा अर्थ खरंच काही नाही, असा असू शकतो. किंवा आत्ता नको, सगळे आहेत. किंवा हे तुला न सांगता कळायला हवं होतं. किंवा सांगून काही उपयोग होत नाही. पहिला निरुपद्रवी आहे, चौथा सगळ्यांत गंभीर. आणि पंधरा वर्षं संसार केलेल्या माणसाला खात्री असते की आपल्याला यातला नेमका कुठला ते कळतं.

केनेथ साविट्स्की, बोआझ केझार आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हीच खात्री तपासली. २४ विवाहित जोडप्यांना पाठीला पाठ लावून बसवलं आणि रोजच्या बोलण्यातली दुहेरी अर्थाची वाक्यं उच्चारायला लावली. नवरा-बायको एकमेकांचा अर्थ अनोळखी माणसांपेक्षा काही जास्त बरोबर ओळखत नव्हते. आपलं म्हणणं समोरच्याला कळलं, हा विश्वास मात्र नवरा-बायकोला जास्त होता. परक्याशी बोलताना आपण सावध असतो, स्पष्ट करून सांगतो. आपल्या माणसाशी बोलताना ती काळजी सुटते.

न्यूझीलंडमध्ये झालेल्या आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या जेफ थॉमस आणि गार्थ फ्लेचर यांच्या अभ्यासात जोडप्यांना त्यांच्याच संभाषणाचं चित्रण दाखवून विचारलं होतं, या क्षणी तुमच्या जोडीदाराच्या मनात काय चाललं होतं? जितकी वर्षं जास्त, तितका अंदाज कमी बरोबर, असं आढळलं. अनुभवाने माणूस चांगला वाचता यायला हवा, असं आपल्याला वाटतं. पण आपण चेहऱ्याकडे बघणं सोडून मनातल्या जुन्या चित्राकडे बघू लागतो, आणि ते चित्र दहा वर्षांपूर्वीचं असतं.

यावर उपाय म्हणजे अंदाज मोठ्याने बोलून दाखवायचा, आणि तोही दोन पर्यायांसह. "तू रागावली आहेस" हा निकाल झाला. "रागावलीस की दमलीस?" हा प्रश्न झाला. "मी उशिरा आलो म्हणून, की दुपारच्या आईच्या फोनमुळे?" असं विचारलं की "दोन्ही नाही" म्हणायलाही जागा राहते. ते उत्तर आलं तर मान्य करायचं. "नाही, मला माहितेय" म्हटलं की प्रश्न विचारून काही साधलं नाही.

मागे लागणं आणि टाळणं

मधल्या वर्षांत सर्वाधिक दिसणारं चक्र अँड्र्यू क्रिस्टेन्सन यांनी अभ्यासलं आहे. एक जण विषय काढतो, दुसरा टाळतो. टाळला म्हणून पहिला जोर वाढवतो, जोर वाढला म्हणून दुसरा आणखी आत जातो. दोघांनाही वाटतं सुरुवात समोरच्याने केली. बायका मागे लागतात आणि पुरुष टाळतात, असं सरसकट म्हटलं जातं, पण क्रिस्टेन्सन आणि त्यांचे सहकारी ख्रिस्तोफर हेवी यांच्या १९९० च्या अभ्यासात बदल कुणाला हवा आहे, याचाही मोठा भाग दिसला. ज्याला आहे ते बरं चाललंय असं वाटतं, त्याला बोलायची घाई नसते. घरकामाच्या वाटणीत सोय कुणाची आहे, हे पाहिलं की गप्प कोण बसतं याचं उत्तर पुष्कळदा मिळतं.

चक्र तोडायला मागे लागणाऱ्याने सुरुवात बदलावी आणि टाळणाऱ्याने वेळ द्यावी. सुरुवातीचे तीन भाग असतात: घडलेली गोष्ट, त्याने मला काय झालं, आणि मला काय हवंय. "तुला माझी कधी पर्वाच नसते" याऐवजी: "काल रिपोर्ट आणायला एकटी गेले. भीती वाटत होती. गुरुवारी साडेपाचला डॉक्टरांकडे तू बरोबर हवा आहेस." मागणीला वार आणि वेळ असली की "बघू" म्हणून सुटता येत नाही.

इथे मराठीत एक खड्डा आहे. आपलं "वाटतं" हे क्रियापद भावनेलाही चालतं आणि मतालाही. "मला भीती वाटते" ही भावना. "मला वाटतं तू स्वार्थी आहेस" ही टीकाच, नुसता मुखवटा घातलेली. म्हणून "मला वाटतं" नंतर "तू" आला की थांबावं आणि वाक्य पुन्हा जुळवावं.

रुसवा, अबोला आणि थांबणं

गप्प बसण्याचे तीन प्रकार एकाच मापाने मोजले जातात आणि तिथे फार गफलत होते.

रुसवा ही हाकच आहे. रुसलेलं माणूस खोलीच्या दाराशी बसतं, जेवायला उशीर करतं, पण कान तुमच्याकडे असतात. समजूत काढायला यावं ही अपेक्षा असते. त्याला ओ द्यायची. जवळ जाऊन बसायचं, आणि पहिलं वाक्य स्पष्टीकरणाचं नसावं.

अबोला ही भिंत आहे. तो शिक्षा म्हणून धरला जातो, दिवस मोजून चालतो, आणि घरातली बाकी माणसं मधे भरडली जातात. अबोल्याला घरात पुष्कळदा शहाणपण समजलं जातं, "आम्ही भांडत नाही, मी बोलणंच सोडतो." भांडणात निदान दोघं एकाच खोलीत असतात. चार दिवसांच्या अबोल्यात मूळ मुद्दा विरून जातो आणि त्याच्याजागी "आधी कोण बोलणार" हा नवा मुद्दा येतो. तो कधीच सुटत नाही, कारण त्यात सोडवण्यासारखं काही नसतंच.

तिसरं म्हणजे थांबणं, आणि हे अंगाच्या गरजेतून येतं. भांडणात छाती धडधडायला लागली, कान तापले की समोरचा काय म्हणतोय हे नीट डोक्यात शिरतच नाही. गॉटमन यांच्या मते नाडी मिनिटाला १०० च्या वर गेली की बोलणं थांबवावं. मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद मोजा. २५ पेक्षा जास्त ठोके म्हणजे १०० च्या वर. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच मंद राहते, तेव्हा त्या घेणाऱ्यांनी आकड्यापेक्षा घशातली कोरड आणि चढलेला आवाज पाहावा.

शरीर शांत व्हायला किमान २० मिनिटं लागतात. थांबायचं म्हणणाऱ्याने तिथेच परतण्याची वेळ सांगायची: "मला अर्धा तास दे, साडेनऊला बोलू." वेळ न सांगता उठून जाणं म्हणजे समोरच्यासाठी अबोलाच. साडेनऊला स्वतःहून परत यायचं, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत. मधल्या वेळात मनात उत्तरं जुळवत बसलं तर नाडी उतरत नाही. घर लहान असेल तर गच्चीवर जावं, सोसायटीला दोन फेऱ्या माराव्यात, कपड्यांच्या घड्या घालाव्यात. त्या अर्ध्या तासात माहेरी किंवा स्वतःच्या आईला फोन करू नये. तुमचं रात्रीपर्यंत मिटतं, आई ते वर्षभर विसरत नाही.

परत आल्यावर तोंडाने माफी मागायला अनेकांना जमत नाही. ते म्हणतात, "चहा ठेवू का?" मराठी घरांत तह इतक्या साध्या वाक्याने होतो. त्याला "नको" म्हणण्याआधी, तो प्रश्न चहाचा आहे का, हे बघावं. चहा घेऊन मग मुद्दा बोलावा. चहा झाला म्हणून मुद्दा सोडून दिला तर तोच पुढच्या महिन्यात परत येतो.

या सगळ्यांत भरून न येणारी जखम करतो तो तुच्छतेचा टोमणा. "तुझ्याकडून दुसरी काय अपेक्षा", "तुझ्या घरच्यांनी हेच शिकवलं". डोळे फिरवणं, नक्कल करणं यातच येतं. नातं मोडण्याच्या खुणांत गॉटमन यांनी तुच्छतेला सगळ्यांत वर ठेवलं आहे. टीकेत कामाबद्दल राग असतो, तुच्छतेत माणसाचीच किंमत काढलेली असते.

बोलून सगळं सुटत नाही

गॉटमन घटस्फोटाचं भाकीत ९० टक्क्यांहून अधिक अचूक करतात, असं सगळीकडे वाचायला मिळतं. तो आकडा जपून घ्यावा. ज्या जोडप्यांवरून सूत्र बसवलं, त्यांच्यावरच ते तपासलं तर अचूकता फुगलेली दिसते, हा आक्षेप इतर संशोधकांनी घेतला आहे आणि तो रास्त आहे. जस्टिन लॅव्हनर, बेंजामिन कार्नी आणि थॉमस ब्रॅडबरी यांनी २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या कमी उत्पन्न असलेल्या भागांतल्या ४३१ नवविवाहित जोडप्यांबद्दल लिहिलं. चांगल्या संवादाने समाधान येतं, याइतकंच समाधान असेल तर संवाद चांगला होतो, हेही त्यांना दिसलं. विरार किंवा बदलापूरहून रोज तीन तास लोकलमध्ये उभं राहणाऱ्या दोघांना बोलण्याच्या पद्धतीआधी झोप हवी असते. घरात हप्ता थकला असेल तर मृदू सुरुवातीने तो फिटत नाही. अशा वेळी आपल्याला बोलता येत नाही असा दोष एकमेकांना देऊ नये.

आणि जिथे मारहाण, धमकी, पैसे अडवून ठेवणं किंवा फोन तपासून धाक घालणं आहे, तिथे वरचं काहीही लागू नाही. तिथे नीट बोलण्याची जबाबदारी सोसणाऱ्यावर टाकणं अन्याय आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे क्रमांक आहेत. मनावरचा ताण असह्य झाला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

निवृत्तीनंतर

लॉरा कार्स्टेन्सन, गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हन्सन यांनी १५६ जोडप्यांना वादाचा विषय देऊन बोलायला बसवलं. काही चाळिशीतली, काही साठीतली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात साठीतली जोडपी वाद घालतानाही जास्त आपुलकी दाखवत होती आणि राग कमी करत होती. उतारवयात बोलणं कोरडंच होतं, हा समज खरा नाही.

पण त्याआधी निवृत्तीचं पहिलं वर्ष असतं. राज्य सरकारी नोकरीत बहुतेकांना ५८ व्या वर्षी सुट्टी मिळते. इतकी वर्षं दिवसभर तिचं असलेलं घर आता दोघांचं होतं, आणि तो डब्यांची मांडणी सुधारायला निघतो. तिला मदत हवी असते, देखरेख नको असते. पहिल्या महिन्यातच दुपारचे दोन-तीन तास प्रत्येकाचे स्वतंत्र ठरवून घ्यावेत.

या वयातली अनेक भांडणं कानांची असतात. वयानुसार आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणजे स, श, फ यांसारखी व्यंजनं. आवाज येतो, शब्द कळत नाही. म्हणून "ऐकू येतं पण लक्ष देत नाहीत" हा आरोप होतो, आणि "ती पुटपुटते" हा उलटा आरोप. कुकरची शिट्टी आणि टीव्ही चालू असताना दुसऱ्या खोलीतून हाक मारली तर ती पोचणारच नाही. समोर यावं, तीन-चार फुटांवर, चेहऱ्यावर उजेड राहील असं. ओरडू नये, ओरडताना आवाजाची पट्टी चढते आणि तीच ऐकू येत नसते. तेच वाक्य तीनदा म्हणण्यापेक्षा शब्द बदलून म्हणावं. आणि कान तपासून घ्यावेत, चष्म्याचा नंबर काढतो तसे.

सुरुवातीला म्हटलं होतं की दोघांची मिळून एक आठवण असते. ती आखूड बोलण्याची सोय उतारवयात धोक्याची ठरते, कारण एक माणूस गेलं की अर्धी आठवण जाते. यासाठी एक वही करावी आणि ती दोघांनी शेजारी बसून भरावी. बँकेची खाती आणि त्यांवरचे नॉमिनी, ठेवींच्या मुदती, विमा, लॉकरची किल्ली, कोणती गोळी किती वाजता, कोणाचे पैसे द्यायचे-घ्यायचे आहेत. लिहिताना एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं, मग पान उलटून अदलाबदल. गॅसचं बुकिंग कोणत्या नंबरवरून होतं आणि दूधवाल्याचा महिन्याचा हिशोब कुठे लिहिलेला असतो, हेही त्यात असू द्यावं.